आपण माझे कोण लागता?

आई असते, वडील असतात, सख्खा भाऊ असतो. चुलत आजोबांचा नातू मात्र नुसता असत नाही, तो लागतो. मराठीत ठेच लागते, ठसका लागतो, नजर लागते आणि लांबची नाती लागतात. लहानपणी लग्नाच्या मांडवात एखाद्या टोपीवाल्या गृहस्थांकडे बोट दाखवून आई म्हणायची, "पाया पड, हे तुझे काका लागतात." मी पाया पडत असे. ते "कितवीत आहेस?" एवढं विचारून पंगतीकडे वळत. तेव्हा ते लागायचे ते तेवढ्यापुरतेच. खरे लागले ते वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, आणि त्याला माझी बायको कारणीभूत आहे.

छत्तीस वर्षं बँकेत काढून मी निवृत्त झालो. आता घरासाठी काहीतरी करावं म्हणून स्वयंपाकघरातले डबे अक्षरानुक्रमे लावले. अळीव पहिला, हिंग शेवटचा. मीठ आणि साखर यांच्यात दोन फळ्यांचं अंतर पडलं. चौथ्या दिवशी बायकोने माळ्यावरून एक जाडजूड पुस्तक काढून माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाली, "हे लावा आता. पण बाहेरच्या खोलीत बसून."

तो आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत होता. पुठ्ठा उसवलेला, पानं पिवळी, आणि मधली एक अख्खी शाखा वाळवीने खाल्लेली. तीन पिढ्या कोर्टात जाऊन भाऊबंदांना जे जमलं नाही, ते त्या वाळवीने एका पावसाळ्यात केलं होतं.

कुलवृत्तांत हा मराठी वाङ्मयातला एक अजब प्रकार आहे. त्याचे वाचक आणि त्यातली पात्रं एकच असतात, आणि प्रत्येक जण वाचायला सुरुवात शेवटाकडून करतो, म्हणजे स्वतःपासून. गेल्या शतकात कोकणातल्या कित्येक घराण्यांनी असे ग्रंथ छापले. घराण्यातलाच कुणीतरी निवृत्त मास्तर किंवा हेडक्लार्क गावोगाव पोस्टकार्डं पाठवायचा, उत्तरं आली तर जुळवायचा, नाही आली तर रागवायचा. आधी गोत्र, प्रवर, कुलदैवत, मूळ गाव. मग घराणं, शाखा, पिढी. प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन ओळी. ज. म्हणजे जन्म, वि. म्हणजे विवाह, मृ. म्हणजे मृत्यू. अख्खं आयुष्य तीन अक्षरांत, आणि त्यातलं एकच काय ते आपल्या हातातलं. तेही आमच्या वडिलांच्या पिढीपर्यंत नव्हतं.

माझ्या आजोबांबद्दल लिहिलं होतं, 'शि. म्याट्रिक. रेल्वेत नोकरी. स्वभाव मानी.' दुसऱ्या एका चुलत आजोबांबद्दल 'स्वभाव शांत' असं होतं. त्यांच्याबद्दल आत्याला जे ठाऊक आहे ते ऐकल्यावर संपादकांच्या सभ्यतेबद्दल माझा आदर वाढला.

शिवाय कुठलाही कुलवृत्तांत उघडला की एक पूर्वज पानिपतावर पडलेला असतोच. इतकी आडनावं १४ जानेवारी १७६१ रोजी खरोखर तिथे हजर असती, तर अब्दाली जेवणाच्या वेळेआधीच परत फिरला असता. आमचाही एक आहे. त्याच्या नावापुढे कंसात प्रश्नचिन्ह आहे. एवढा प्रामाणिकपणा दाखवणाऱ्या संपादकांवर मी पुढच्या सगळ्याच बाबतीत विश्वास टाकला. चूक झाली ती तिथे.

माझ्या खापरपणजोबांना एक धाकटा भाऊ होता. त्याच्यापुढे दोनच शब्द छापले होते, 'परागंदा. निर्वंश.' बँकेत अशा खात्याला आम्ही निष्क्रिय म्हणत असू. पण खातेदार सापडत नाही म्हणून त्याला वारस नाहीत असं लिहून टाकायची सोय बँकेतही नव्हती. माझ्यातला अधिकारी जागा झाला. जो माणूस कुठे गेला हेच कुणाला माहीत नाही, त्याला मूलबाळ झालं नाही हे संपादकांना कुणी कळवलं?

त्याच पुस्तकात घडी घालून ठेवलेला एक मोडी कागद निघाला. मोडी ही घाईत असलेल्या माणसांची लिपी. आधी आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग शक्यतो हात न उचलता अक्षराला अक्षर लावत सुटायचं. दोन शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्ह नाही. लिहिणाऱ्याने तेव्हा वाचवलेला वेळ आता वाचणाऱ्याकडून व्याजासकट वसूल होतो. एरवी मोडी येणाऱ्या माणसाला लोक "वा, छान छंद आहे" म्हणून पुढे जात. २०२३ मध्ये जुन्या दप्तरांतून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि त्या छंदाला एकदम भाव आला. मला जे मोडीवाचक मिळाले ते नेमके त्याच दिवसांत. त्यामुळे त्यांनी घाईघाईने मधली एकच ओळ लावून दिली आणि बाकीचा कागद पावसात भिजलाय असं सांगितलं. ती ओळ होती: काकाजीवनातगेले.

त्या परागंदा भावाबद्दलची म्हणून ही ओळ मी नातेवाइकांना कळवली आणि घराण्यात दोन पंथ झाले. ठाण्याचे काका रोज पहाटे ध्यान करतात. ते म्हणाले, "काकाजी वनात गेले. संन्यास घेतला. आपल्या घराण्यात ती ओढ आहेच." सांगलीचे अण्णा संस्कृतचे निवृत्त शिक्षक. ते म्हणाले, "काका जीवनात गेले. अमरकोश उघडा. जीवन म्हणजे पाणी. माणूस बुडाला." ठाण्याचे काका ऐकेनात. तेव्हा अण्णांनी अमरकोशातला तोच श्लोक काढला. पाण्याच्या नावांत 'जीवन'च्या जवळच 'वन' हाही शब्द आहे. म्हणजे ओळ कुठेही तोडा, अमरकोशाप्रमाणे माणूस दोन्हीकडून बुडालेलाच. ठाण्याच्या काकांनी दोन महिने अण्णांचा फोन घेतला नाही.

शेवटी मी मूळ गाव गाठलं. गाव संगमेश्वर तालुक्यात. भाऊबंदांचं एकच घर आता नांदतं आहे. माझ्याच वयाचे एक गृहस्थ ओटीवर सुपाऱ्या निवडत बसले होते. मी आडनाव सांगितलं. त्यांनी बसायला पाट दिला, गूळ आणि पाण्याचा तांब्या पुढे ठेवला.

"काय काम काढलंत?"

"वंशावळ लावतोय. जुने कागद असले तर..."

त्यांनी तांब्या चार बोटं स्वतःकडे ओढून घेतला.

"सातबाऱ्यावर तुमचं नाव नाही हां."

"ठाऊक आहे मला."

"म्हणजे सातबारा बघून आलात."

"नाही हो. नसणारच, म्हणून म्हटलं."

"नसणारच हे न बघता कसं कळलं?"

ह्या प्रश्नाला उत्तर नाही. गावात वंशावळ दोनच वेळा काढतात, वारस लावताना आणि वाद लावताना. हौस म्हणून वंशावळ काढणारा माणूस गावाच्या हिशेबात बसत नाही. त्यांचंही चुकत नव्हतं. पुढे त्यांनीच दाखवलेल्या सातबाऱ्यावर अठरा गुंठ्यांना सदतीस नावं होती, आणि त्यातली निम्मी माणसं हयात नव्हती. त्यात आणखी एक भर घालायला पुण्याहून कुणी एसटीने येतो, तर तांब्या मागे ओढलाच पाहिजे.

एवढ्यात माजघरातून त्यांची आई आली. नव्वदीच्या पुढची. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही, बाजूने पाहिलं. "कान बघ रे त्याचे," ती मुलाला म्हणाली, "आपलेच आहेत." तांब्या पुन्हा माझ्यापुढे आला. छापील कुलवृत्तांत, गोत्र, प्रवर आणि माझं आधार कार्ड यांनी जे झालं नाही ते दोन कानांनी केलं.

मी काकाजींचं विचारलं. ती लगेच म्हणाली, "तो ना? तो फणसावरून गेला."

"पडला?"

"पडतोय कशाला! भांडला. बुंधा थोरल्याच्या आवारात नि फणस पडायचे धाकट्याच्या अंगणात. एका वर्षी थोरल्याने पडलेले फणससुद्धा उचलून नेले. धाकट्याने उपरणं झटकलं नि गेला. माझ्या सासूबाई सांगायच्या."

"कुठे गेला?"

"घाटावर."

संन्यास गेला, जलसमाधी गेली, फणस उरला. आणि 'घाटावर' हा काही पत्ता नव्हे. कोकणातला माणूस घाटावर म्हणतो तेव्हा त्यात कऱ्हाडपासून काबूलपर्यंत सगळं येतं. फणस अजून उभा आहे. निघताना त्या बाईंनी मला त्यातला एक बांधून दिला. खापरपणजोबांचं कर्ज घेऊन उतरल्यासारखा मी तो मांडीवर घेऊन पुण्याला आलो. निघाला बरका. आमच्याकडे बरका कुणी खात नाही.

घाटावर गेलेला माणूस कधी ना कधी गोदावरीवर उतरलाच असणार, असं आत्या म्हणाली. म्हणून नाशिक. रामकुंडाच्या परिसरात तीर्थोपाध्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळी आहेत. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की पुरे. उपाध्यांनी बासनं सोडून एक लांबट वही काढली, चार-सहा पानं उलटली आणि माझ्यापुढे धरली.

तिथे माझ्या वडिलांची सही होती. माझ्या प्रगतिपुस्तकावर व्हायची तशीच, शेवटच्या रेघेत किंचित नाराजी असलेली. त्यांना जाऊन बावीस वर्षं झाली. मी ती सही बराच वेळ पाहत राहिलो. उपाध्ये वाट पाहत राहिले. त्यांना सवय असावी. मग त्यांनी पान मागे उलटलं. तिथे आजोबांचं वळणदार अक्षर, कुटुंबातल्या सगळ्यांची नावं, आणि खाली एक ओळ: 'दक्षिणा बाकी रुपये सव्वा. पुढील खेपेस देणे.'

उपाध्यांनी त्या ओळीवर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं. छत्तीस वर्षं मी लोकांची थकबाकी वसूल केली होती. थकबाकीदाराच्या पाटावर पहिल्यांदाच बसलो. व्याजाचा विषय दोघांनीही काढला नाही. मी पाचशेची नोट ठेवली. 'स्वभाव मानी' म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

आणखी बरंच मागे, शके १८२१च्या, म्हणजे १८९९च्या एका नोंदीत, आमचं आडनाव, आमचं गाव, काकाजींचं नाव, पुढे पत्नीचं नाव, 'पुत्र दोन', आणि शेवटी तीन शब्द: 'हल्ली वस्ती इंदूर.' परागंदा, निर्वंश आणि दोनदा बुडालेला माणूस रामकुंडात स्नान करून, दोन मुलांची नावं लिहून, दक्षिणा रोख देऊन गेला होता.

ह्या वह्यांचं जग मोठं आहे. त्र्यंबकेश्वर, काशी, गया, सगळीकडे त्या आहेत. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची तर अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या वंशावळ संस्थेने मायक्रोफिल्म करून घेतली. म्हणजे हरिद्वारला जाऊन आलेल्या एखाद्याच्या पणजोबांची सही त्यांच्या नकळत साता समुद्रापलीकडे पोचलेली असू शकते. ज्यांच्या घरात कागद नव्हता त्यांचीही सोय होती. कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागात हेळवी येतो. पूर्वी बैलावर बसून यायचा, दारात कुळाची वंशावळ म्हणून दाखवायचा आणि सुपातलं धान्य घेऊन जायचा. घरातला नवा जन्म त्याच्या नोंदीत गेला की कुळात गेला. तंजावरच्या सरफोजीराजांनी तर १८०३ मध्ये भोसल्यांचा इतिहास बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर मराठीत कोरूनच ठेवला. भिंत असल्यामुळे तिथे 'तुम्ही आमच्या शाखेचं नाव गाळलंत' अशी पत्रं येऊनही उपयोग नसावा.

आणि समुद्रापलीकडे गेलेल्यांचं काय? रत्नागिरीकडची कित्येक माणसं एकोणिसाव्या शतकात मुंबईहून बोटीने मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर गेली. त्यांच्या नोंदी तिथे मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत जपल्या आहेत. कारकुनाला जसं ऐकू आलं तसं गावाचं नाव लिहिलेलं, आणि पणजोबांचं नुसतं नाव हेच पुढच्या पिढ्यांचं आडनाव झालेलं. त्यांचे नातू त्या वेड्यावाकड्या स्पेलिंगवरून कोकणात गाव शोधत येतात. इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायलींची आडनावं मात्र अजून रायगडातल्या गावांची, शेवटी 'कर' असलेली. घर सुटलं, गाव सुटलं, 'कर' सुटला नाही. त्या मानाने आमचे काकाजी फार लांब गेले नव्हते. एका रात्रीच्या गाडीवर होते.

इंदुरात आमच्या आडनावाची माणसं शोधायची कशी? मराठी माणसांची सर्वांत अद्ययावत यादी ज्याच्याकडे असते तिथे मी गेलो: वधू-वर सूचक मंडळ. इंदूरच्या एका मंडळाला फोन करून म्हटलं, "अमुक आडनावाची कुटुंबं हवी आहेत."

"वराचं वय?"

"मी एकसष्ट वर्षांचा आहे. पण..."

"प्रथम विवाह?"

"अहो, मला त्याच आडनावाची माणसं हवीत. माझंही तेच आडनाव आहे."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग समजुतीच्या सुरात, "काका, सगोत्र आम्ही सहसा सुचवत नाही."

तरीही त्यांनी चार पत्ते दिले. दोन ठिकाणी फोन लागला नाही, एका ठिकाणी त्यांना वाटलं मी विम्याचा माणूस आहे. चौथ्या ठिकाणी एका मुलीने घेतला. नाव, गाव, नाशिकची वही, सगळं ऐकून घेतल्यावर ती इंदुरी मराठीत म्हणाली, "मला लागतं की तुम्ही माझे काका लागता." हिंदीतलं 'लगता है' आणि मराठीतलं लागणं एका वाक्यात असं शेजारी बसलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. "तुम्ही टेन्शन नका घेऊ, मी आजोबांकडून पाहून घेते."

आजोबा चौऱ्याण्णव वर्षांचे. त्यांनी स्वतः खतावणीच्या कागदावर वंशावळ लिहून ठेवली होती. पुतणीने त्या कागदाचा फोटो पाठवला. सगळ्यात वर मूळ पुरुष, आमचाच. त्याखाली दोन फांद्या. धाकट्या फांदीचा इंदुरात वटवृक्ष झालेला. थोरल्या फांदीवर माझ्या खापरपणजोबांचं नाव आणि पुढे सुबक अक्षरात: 'कोकणात राहिले. प्लेगात निर्वंश.'

माझ्याच निर्वंशाचा दाखला मी चष्मा पुसून दोनदा वाचला. सव्वाशे वर्षं दोन्ही घरं एकमेकांना मेलेलं धरून सुखाने नांदत होती. फणसाचं भांडण दोन्ही बाजूंनी इतकं काटेकोर पाळलं गेलं होतं की एकाने दुसऱ्याला वारससुद्धा उरू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी आजोबा, म्हणजे नात्याने माझे काका, स्वतः फोनवर आले. आवाज खणखणीत. ख्यालीखुशाली नाही, काही नाही.

"गौरी कसल्या?"

"खड्यांच्या."

"खडे किती?"

मी गप्प. कोकणातल्या बऱ्याच घरांत भाद्रपदात मुली-सुना पाणवठ्यावरून खडे आणतात, येताना कुणाशी बोलायचं नाही. कुठे पाच, कुठे सात. एकसष्ट वर्षं ते खडे माझ्या डोळ्यांदेखत घरात आले, त्यांना नैवेद्य दाखवलेलं मी खाल्लं, आणि मोजले कधीच नव्हते. बँकेत मी नाणीसुद्धा दोनदा मोजत असे. फोनवर हात ठेवून मी स्वयंपाकघराकडे वळून विचारलं.

"आठ!" बायको आतून ओरडली. "आणि सात का नाही असं विचारतील. सासूबाई म्हणायच्या, एखादा हरवला तर असू दे."

मी ते जसंच्या तसं फोनवर सांगितलं. पलीकडे काही क्षण नुसता श्वास. मग काका म्हणाले, "आमची आईसुद्धा हेच सांगायची. तू आपलाच."

कुलवृत्तांत, मोडी कागद, अमरकोश, सातबारा, नाशिकची वही, सगळ्यांवर अखेरचं शिक्कामोर्तब माझ्या बायकोने केलं, भाजी परतता परतता. आणि त्या कुलवृत्तांतात तिच्यासाठी जागा किती? माझ्या नावानंतर 'वि.', आणि पुढे माहेरचं आडनाव. माझ्या आत्याला तर तेवढीही नाही. तिच्या वडिलांच्या नोंदीत लिहिलं आहे, 'कन्या १.' ना नाव, ना गाव. मालाची मोजदाद असावी तसा आकडा. काकाजींना निदान 'परागंदा' हा शब्द मिळाला. आत्या लग्न करून चिपळूणला गेली तर तिला तोही मिळाला नाही.

मी हिशेबाचा माणूस, म्हणून हिशेब केला. दोन आईवडील, चार आजी-आजोबा, आठ पणजोबा-पणज्या, असं दुप्पट करत दहा पिढ्या मागे गेलं की माझ्या मागे १०२४ माणसं उभी राहतात. आडनावाच्या वाटेने त्यातला एकच सापडतो. उरलेल्या १०२३ माणसांबद्दल आमच्या जाड पुस्तकात अवाक्षर नाही. बँकेत असा ताळेबंद मांडला असता तर मला त्याच दिवशी निलंबित केलं असतं.

काकांशी एकंदर तीनदा बोलणं झालं. दिवाळीनंतर मी इंदूरला जायचं ठरलं होतं. सराफ्यात नेऊन भुट्ट्याचा कीस खाऊ घालतो म्हणाले होते. गणेश चतुर्थीच्या तीन दिवस आधी पुतणीचा फोन आला. आजोबा गेले. झोपेतच.

वाईट वाटलंच. तीनदा ऐकलेल्या आवाजाचं एवढं वाईट वाटावं याचं नवलही वाटलं. पण घरात मखर तयार, मोदकाचं पीठ दळून आलेलं. गुरुजींना फोन केला. ते बोटांवर पिढ्या मोजू लागले. मूळ पुरुष पहिला, तिथून मी सहावा. सात पिढ्यांपर्यंत सपिंड, दहा दिवस सुतक. माझा मुलगा सातवा, त्यालाही दहा. नातू आठवा, त्याला तीन. हिंदू विवाह कायदा वडिलांकडून पाचच पिढ्या मोजतो, शास्त्र सुतकासाठी सात मोजतं. भाऊबंदकीला मोजमाप नाही.

"गणपती?" मी विचारलं.

"ह्या वर्षी नाही. बातमी उशिरा कळली असती तर गोष्ट वेगळी. दहा दिवस उलटल्यावर कळलं तर तीनच दिवस. वर्ष उलटून गेल्यावर कळलं तर नुसतं स्नान."

बायको म्हणाली, "पण ही माणसं शोधायला सांगितलं होतं कुणी?" मी तिच्याकडे पाहिलं. तिला आठवलं. ती मोदकाचं पीठ डब्यात भरायला आत गेली, अक्षरानुक्रमे न लावलेल्या डब्यांत.

त्या वर्षी आमच्याकडे गणपती बसले नाहीत, आठ खडेही आले नाहीत. इंदुरातही नाहीत. सव्वाशे वर्षांनी दोन्ही घरांनी मिळून केलेली ही पहिली गोष्ट: काहीच न करणं. सुतक फिटल्यावर मला एकदम काकाजी आठवले. त्यांच्या जाण्याची बातमी वर्षाहून पुष्कळ उशिरा, जवळजवळ शतकाने पोचली होती. गुरुजींचा नियम लागू होता. मी गीझर लावला आणि खापरपणजोबांच्या भावाच्या नावाने आंघोळ केली.

पुस्तकात 'परागंदा. निर्वंश.' ह्या शब्दांवर मी काट मारली आहे आणि शेजारी पेन्सिलीने 'इंदूर' लिहिलं आहे. आत्याचं नावही लिहिलं, 'कन्या १' च्या वर, जरा मोठ्या अक्षरात. दिवाळीनंतर इंदूरला गेलो. भुट्ट्याचा कीस पुतणीने खाऊ घातला. मी सोबत फणसपोळी नेली होती, संगमेश्वरच्या त्याच झाडाची. कुणी काही बोललं नाही, पण ताटली लगेच रिकामी झाली.

तुम्हाला एवढंच सांगायचं आहे: नाशिकला जमेल तेव्हा जा, वही कुठे जात नाही. मोडीचाही कागद थांबेल. पण घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या काकूला आज संध्याकाळी फोन लावा. हातात पेन्सिल ठेवा. खडे किती, आणि का, एवढं विचारा. उद्यावर टाकलंत तर त्या काकूचं तुम्हाला सुतकच तेवढं लागेल.